शेवटचा शब्द कोणाचा? पंडिता रमाबाई, मराठी बायबल आणि ख्रिस्ती श्रद्धेचा आधार

रविवारी सकाळी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती प्रार्थनास्थळांत एकाच ग्रंथातील उतारे वाचले जातात. भाषा मात्र अनेक असतात. कुठे मराठी, कुठे इंग्रजी, कुठे कोकणी, तर कुठे मल्याळम किंवा तमिळ. ग्रंथ सर्वांना पूज्य आहे. तरीही श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द या ग्रंथाचा, की त्याचा अर्थ सांगणाऱ्या चर्चचा, या प्रश्नावर ख्रिस्ती जगात किमान पाच शतके मतभेद आहेत. महाराष्ट्राच्या दृष्टीने या वादाला विशेष महत्त्व आहे. युरोपात उपजलेला हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात एका मराठी विदुषीने स्वतःच्या आयुष्यात नव्याने उभा केला आणि त्याच्या उत्तरासाठी आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे खर्ची घातली. त्या विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई.

तत्त्व काय आहे?

'पवित्र शास्त्र हाच अंतिम अधिकार' हे तत्त्व सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेचा पाया मानले जाते. १५२१ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथील राजसभेपुढे मार्टिन ल्यूथर यांना त्यांचे लेखन मागे घेण्यास सांगण्यात आले. शास्त्रवचनांनी किंवा स्पष्ट युक्तिवादाने आपली चूक दाखवून दिल्याशिवाय माघार घेणार नाही, कारण पोप आणि धर्मपरिषदा यांच्याकडूनही चुका झालेल्या आहेत, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे प्रोटेस्टंट पंथांनी हाच विचार आपापल्या मतपत्रिकांत नोंदविला. इंग्लंडच्या चर्चच्या एकोणचाळीस कलमांपैकी सहावे कलम सांगते की तारणासाठी आवश्यक ते सर्व पवित्र शास्त्रात आहे. जे त्यात आढळत नाही किंवा त्यावरून सिद्ध करता येत नाही, ते कोणावरही श्रद्धेची अट म्हणून लादता येणार नाही.

या तत्त्वाचा एक गैरसमज नेहमी होतो. बायबलखेरीज दुसरे काही वाचू नये किंवा मानू नये, असे ते सांगत नाही. परंपरा, धर्मपरिषदांचे निर्णय, मतांगीकार, विद्वानांची भाष्ये आणि मनुष्याची विवेकबुद्धी या सर्वांना त्यात स्थान आहे. मात्र या सर्वांची परीक्षा शास्त्राने करावयाची, शास्त्राची परीक्षा त्यांनी नव्हे, एवढाच त्याचा आग्रह असतो. नव्या करारातील दोन स्थळे या संदर्भात वारंवार सांगितली जातात. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शास्त्र ईश्वरप्रेरित असल्याचे म्हटले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात बिरुया येथील श्रोत्यांचा गौरव आहे. पौलासारख्या प्रेषिताचे बोलणेही त्यांनी शास्त्र उघडून तपासून पाहिले होते.

कॅथलिक भूमिका याहून वेगळी आहे. ट्रेंट येथील धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी असे ठरविले की ख्रिस्ताची शिकवण लिखित ग्रंथ आणि प्रेषितांपासून चालत आलेली अलिखित परंपरा या दोहोंतून मिळते व दोहोंचा सारख्याच आदराने स्वीकार व्हावा. या भूमिकेमागील युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नवा करार लिहिला जाण्यापूर्वी चर्च अस्तित्वात होते. नव्या करारातील सत्तावीस पुस्तकांची नेमकी यादी प्रथम आढळते ती ३६७ साली अथनेशियस यांनी लिहिलेल्या पत्रात. म्हणजे कोणती पुस्तके शास्त्र आणि कोणती नव्हेत, हे चर्चनेच ओळखले. मग त्यांचा अर्थ लावण्याचा अधिकार चर्चला का नसावा? यावर प्रोटेस्टंटांचे उत्तर असे, की सोनाराने सोने पारखले म्हणून सोन्याचे मोल सोनाराने निर्माण केले, असे होत नाही.

साष्टीतील पहिली शतके

ज्या काळात ट्रेंटची परिषद चालू होती, त्याच काळात साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भूमीवर, पोर्तुगीज धर्मप्रसारकांचे काम सुरू झाले होते. वसईच्या १५३४ च्या तहाने हा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला होता. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यांचा फ्रान्सिस्कन पंथीयांनी चर्चसाठी उपयोग केला व वरच्या बाजूला मठाची इमारत उभारली; तिचे अवशेष आजही दिसतात. अंधेरीच्या सीप्झ वसाहतीच्या आवारात सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च १८४० मध्ये साथीच्या रोगामुळे ओस पडले. १८८७ नंतर 'ईस्ट इंडियन' या नावाने ओळखला जाऊ लागलेला येथील मूळ ख्रिस्ती समाज याच कॅथलिक परंपरेत वाढला.

या समाजाच्या हाती संपूर्ण बायबल मातृभाषेत आले नाही. पोर्तुगीज अमदानीत मराठीत वा कोकणीत संपूर्ण बायबलचे भाषांतर झाले नाही. धर्मज्ञान मिळे ते प्रवचनांतून, प्रश्नोत्तरांतून, गीतांतून आणि सणांतून. त्या काळातील सर्वांत मोठी मराठी ख्रिस्ती रचना म्हणजे इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'. १६१६ मध्ये गोव्यातील राशोल येथे ते रोमन लिपीत छापले गेले व १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांत जुन्या आणि नव्या करारातील कथा त्यात आल्या आहेत. जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना ऐकण्यासाठी स्वतःच्या भाषेत पुराण हवे होते, ही त्यामागची प्रेरणा होती. स्टीफन्स यांचे मराठी भाषेवरील प्रेम निर्विवाद आहे. तरीही हे पुराण म्हणजे बायबल नव्हे. चर्चच्या संमतीने सांगितलेला तो बायबलचा आशय होता. मूळ वचन आणि त्याचे निरूपण यांतील अंतर श्रोत्याला तपासता येण्याची सोय त्यात नव्हती.

छापील ग्रंथाचे आगमन

ही सोय एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाली. बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी पंडितांच्या साह्याने मराठी भाषांतराचे काम हाती घेतले. १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान आणि १८११ मध्ये मोडी लिपीत नवा करार प्रसिद्ध झाला. मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी येथे बायबल सोसायटीची शाखाही निघाली. गॉर्डन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांचा मराठी नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला. हॉल यांचा त्याच वर्षी मार्चमध्ये पटकीने मृत्यू झाला. संपूर्ण बायबल १८४७ मध्ये मराठीत उपलब्ध झाले. पुढे 'यमुनापर्यटन' या १८५७ च्या कादंबरीचे लेखक बाबा पदमनजी यांच्यासारखे मराठी ख्रिस्ती लेखकही भाषांतराच्या सुधारणेत सहभागी झाले.

ग्रंथ हाती आल्यावर त्याच्या प्रामाण्याची चर्चाही जाहीरपणे होऊ लागली. १८३० च्या सुमारास मोरभट दांडेकर आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचा वाद झाला. १८५७ मध्ये गिरगावच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबावा ब्रह्मचारी यांनी मिशनऱ्यांना काही महिने सातत्याने प्रश्न विचारले. कोणता ग्रंथ ईश्वरी आणि तो तसा आहे हे कशावरून, हाच या वादांचा गाभा होता. जोतीराव फुले यांनी याहून वेगळी दिशा धरली. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' या पुस्तकात त्यांनी एकाच कुटुंबातील माणसांनी वेगवेगळे धर्मग्रंथ अभ्यासून आपापल्या पसंतीचा धर्म स्वीकारावा आणि तरीही प्रेमाने एकत्र नांदावे, असे चित्र रंगविले. ग्रंथापेक्षा मनुष्याच्या सत्यशोधनावर त्यांचा भर होता.

रमाबाईंचा प्रश्न

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविले आणि त्यापायी सनातन्यांचा रोष पत्करला. तीर्थयात्रा करीत पुराणे सांगणाऱ्या या कुटुंबाची दुष्काळात वाताहत झाली. आईवडील व बहीण गमावलेल्या रमाबाई भावासह पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांच्या पांडित्याचा गौरव होऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भागवत पाठ असलेल्या या स्त्रीला वेद वाचण्याचा अधिकार मात्र रूढीने नाकारलेला होता. केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून त्यांनी वेद वाचले. धर्मशास्त्रांचा अभ्यास करताना त्यांच्या ध्यानात आले की अनेक बाबतींत परस्परविरोधी असणारे हे ग्रंथ स्त्रीच्या हीनत्वाविषयी मात्र एकमत आहेत. ग्रंथाचा अधिकार कोणाच्या हाती असतो आणि तो कोणाला नाकारला जातो, हा प्रश्न त्यांच्यासाठी केवळ तात्त्विक उरला नव्हता.

पती बिपिन बिहारी मेधावी यांच्या १८८२ मधील निधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या आणि १८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या हेतूने इंग्लंडला गेल्या. वॉन्टेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या या निर्णयामागे नीळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता. १८४८ मध्ये ख्रिस्ती झालेले गोऱ्हे हे वाराणसीत वाढलेले चित्पावन पंडित. प्राचीन चर्चच्या परंपरेचा अधिकार त्यांना मान्य होता. वॉन्टेजच्या भगिनीही त्याच मताच्या होत्या. रमाबाईंची वाट येथेच वेगळी झाली.

बहिरेपणामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडून त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकू व शिकवू लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याच्या प्रश्नावर धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. हा निर्णय आपल्या वतीने इतरांनी घ्यावा, हे रमाबाईंना मान्य झाले नाही. १८८५ मध्ये त्यांची सिस्टर जेराल्डिन आणि महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला पत्रव्यवहार या विषयातील एक महत्त्वाचा दस्तऐवज आहे. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा पत्रसंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

त्या पत्रांतील रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे. आपला बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या चर्चमध्ये झाला आहे. एखाद्या विशिष्ट पंथाच्या पुरोहितांचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्याचे वचन आपण दिलेले नाही. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटल्यावर दुसऱ्या वर्गाचे जोखड मानेवर घ्यावयाचे नाही. देवाने दिलेली बुद्धी आणि सदसद्विवेक वापरणे हे आपले कर्तव्य आहे. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे देवत्व आणि अथनेशियसच्या नावाने चालणारा मतांगीकार यांविषयी त्यांनी थेट प्रश्न केले व उत्तर बायबलमधून मागितले. भगिनींना हा अहंकार वाटला. त्यांच्या मते नवदीक्षित व्यक्तीने आधी चर्चकडून शिकावे. शंका हे अपुऱ्या नम्रतेचे लक्षण होते. गोऱ्हे यांनीही रमाबाईंच्या शंकांना सविस्तर लेखी उत्तरे दिली.

या वादात दोन्ही बाजूंच्या भूमिकेत तथ्य होते. एकट्या वाचकाच्या हाती ग्रंथ दिला, तर अर्थाला मर्यादा राहत नाही, ही भगिनींची भीती निराधार नव्हती. इंग्लंडमधील ख्रिस्ती पंथांची संख्या पाहून स्वतः रमाबाईही गोंधळून गेल्या होत्या. एकच ग्रंथ प्रमाण मानणारे इतके पंथ परस्परांहून भिन्न कसे, हा प्रश्न त्यांनाही पडला. पण त्यावर पुरोहिताच्या अधिकाराचा उपाय त्यांना मान्य नव्हता, कारण तो उपाय त्यांनी भारतात स्त्रीच्या बाजूने अनुभवला होता.

पुढील घडामोड लक्षणीय आहे. मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू केल्यानंतरच्या काळात, विशेषतः १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या श्रद्धेला निर्णायक वळण लागले. ज्या सिद्धान्तांवर त्यांनी शंका घेतल्या होत्या, त्यांतील मुख्य सिद्धान्त त्यांनी स्वीकारले. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे निवेदन त्यांनी १९०७ च्या आत्मकथनात केले आहे. म्हणजे ज्या निष्कर्षावर चर्च त्यांना नेऊ पाहत होते, तेथेच त्या पोहोचल्या. मात्र त्या गेल्या स्वतःच्या वाचनाच्या वाटेने. शास्त्राला अंतिम मानणे म्हणजे स्वतःच्या मताला अंतिम मानणे, हा आक्षेप त्यांच्या बाबतीत म्हणूनच अपुरा ठरतो. ग्रंथाने त्यांचे मतही बदलले.

केडगावचे भाषांतर

पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती मिशनमध्ये दुष्काळग्रस्त आणि निराधार स्त्रियांना आश्रय मिळाला. त्यांतील बहुतेक जणी खेड्यांतून आलेल्या होत्या. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा त्यांना अवघड जाते, असे रमाबाईंना दिसून आले. ग्रंथ हाच अंतिम अधिकार असेल, तर तो ज्याच्यासाठी आहे त्याला कळलाच पाहिजे. अन्यथा अर्थ सांगणारा पुन्हा मालक होतो. या विचाराने त्यांनी १९०५ च्या सुमारास, वयाच्या सत्तेचाळिशीच्या आसपास, संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हिब्रूचे व्याकरणही त्यांनी मराठीत तयार केले. अक्षरजुळणीपासून छपाईपर्यंतचे काम मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनी केले. वेदाक्षर ऐकण्यासही अपात्र ठरविलेल्या समाजघटकांतील स्त्रिया एका धर्मग्रंथाचे खिळे जुळवीत होत्या.

रमाबाईंच्या भाषांतरामागे दोन आग्रह होते. एक म्हणजे मूळ शब्दाशी शक्य तितके जवळ राहणे. दुसरा, साध्या बोलीतील मराठी वापरणे आणि हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थ चिकटलेले संस्कृत शब्द टाळणे. हे दोन आग्रह नेहमी एकत्र नांदत नाहीत. मुळाला चिकटून राहावे तर वाक्य मराठी वळणापासून दूर जाते, वळण सांभाळावे तर मूळ निसटते. शिवाय भाषांतर करताना शब्द निवडणे हेही अर्थ लावणेच असते. संस्कृत पंडिता असूनही संस्कृत शब्द वर्ज्य करणाऱ्या रमाबाईंनीही एक निवड केलीच होती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमेचे निधन झाले. त्या आघातानंतरही काम थांबले नाही. अखेरची मुद्रिते हातावेगळी झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण बायबलचे मूळ भाषांवरून एका स्त्रीने केलेले भाषांतर ही जगाच्या इतिहासातही दुर्मिळ गोष्ट आहे. मराठी चर्चमध्ये मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले. पुरोहिताच्या अधिकाराला आव्हान देणाऱ्या रमाबाईंच्या ग्रंथाला उपासनेत स्थान द्यावयाचे की नाही, हे अखेर चर्चनीच ठरविले.

रमाबाईंचे समकालीन नारायण वामन टिळक यांचा अनुभवही याच मार्गाचा. १८९३ मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने दिलेला नवा करार वाचून त्यांचे विचार पालटले व १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनीही परदेशी मिशनच्या चौकटीबाहेर पडून 'देवाचा दरबार' स्थापन केला.

आजची स्थिती

विसाव्या शतकात दोन्ही बाजू काही अंशी जवळ आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या दस्तऐवजात शास्त्र आणि परंपरा यांचा उगम एकच असल्याचे सांगताना, चर्चचा शिक्षणाधिकार देववचनाच्या वर नसून त्याच्या सेवेत आहे, असेही स्पष्ट केले. बायबल सर्व श्रद्धावंतांना सहज उपलब्ध व्हावे, असा आग्रह धरला. त्यानंतर मिस्सा स्थानिक भाषांत होऊ लागली आणि रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले. मुंबई महाधर्मप्रांताचे धर्मगुरू घडविणाऱ्या गोरेगावच्या सेंट पायस टेन्थ महाविद्यालयात बायबलचा अभ्यास हा शिक्षणाचा महत्त्वाचा भाग असतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. उस्मानाबाद येथे २०२० मध्ये भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या दिब्रिटो यांचे २०२४ मध्ये निधन झाले. बायबल सामान्य मराठी वाचकाच्या हाती पडावे, ही रमाबाईंची तळमळ एका कॅथलिक धर्मगुरूच्या कामातही दिसावी, ही या वाटचालीची खूण आहे.

दुसरीकडे, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाने पवित्र शास्त्र हा श्रद्धेचा सर्वोच्च आणि निर्णायक मापदंड मानला, पण त्याबरोबरच प्रेषितांचा आणि नायसियाचा हे दोन प्राचीन मतांगीकारही स्वीकारले. ग्रंथ अंतिम, तरीही पूर्वजांच्या साक्षीला मान, असा हा समतोल आहे. उपनगरांतील पेंटेकोस्टल मंडळ्यांत बायबलच्या शब्दाबरोबर पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर असतो. १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये झालेल्या आत्मिक जागृतीची गणना या चळवळीच्या जगभरातील पूर्वखुणांमध्ये केली जाते.

व्यवहारात या प्रश्नाला रोजची धार आहे. चर्चमध्ये स्त्रीने उपदेश करावा का, घटस्फोटितांना पुनर्विवाहाची मुभा असावी का, एका पंगतीत प्रभुभोजन घेणाऱ्यांनी लग्न जुळविताना जात पाहावी का, या प्रश्नांची उत्तरे शोधताना प्रत्येक मंडळीला आधी ठरवावे लागते की दाखला कोणाचा द्यावयाचा. कॅथलिकांच्या बायबलमध्ये त्र्याहत्तर पुस्तके आहेत आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलमध्ये सहासष्ट. त्यामुळे दाखल्याचा ग्रंथ कोणता, इथपासूनच फरक पडतो. शास्त्राला अंतिम म्हणणाऱ्यांवरही एक जबाबदारी येते. सोयीचे वचन उचलून गैरसोयीचे सोडून देणारा माणूस ग्रंथाला प्रमाण मानत नाही, स्वतःला मानतो. रमाबाईंनी आपल्या शंका ग्रंथापुढे ठेवल्या आणि ग्रंथ समजावा म्हणून प्रौढ वयात दोन परकीय भाषा आत्मसात केल्या. या तत्त्वाची किंमत किती असते, याचा हिशेब केडगावच्या त्या छापखान्यात मांडलेला आहे.